काचेचे कपाट घेऊन कोकणात

एस.टी.च्या लाल गाडीतून प्रवास करताना आपण बायका किती सावध असतो! पिशवी मांडीवर, पिशवीचा बंद मनगटात, पैशाचे पाकीट त्याहून आत कुठेतरी, आणि डुलकी लागली तरी एक हात पिशवीवरच. स्टँडवर गाडी थांबली, की झोपेतसुद्धा आपण वरच्या फळीवरची बॅग चाचपून पाहतो. पण तीच बाई स्वतःच्या मोटारीतून निघाली, की कशी निर्धास्त होते बघा. पर्स मागच्या सीटवर, मोबाइल पुढच्या खाचेत, लग्नाची साडी हँगरला आणि खाऊची पिशवी पायाशी. "आपलीच गाडी आहे," असे म्हणून ती देवदर्शनालाही मोकळ्या हाताने जाते.

गाडी आपली असते हे खरे, पण ती उभी असते परक्या जागी, आणि तिला चारी बाजूंनी काचा असतात. आपण ज्याला घर समजतो, ते खरे म्हणजे रस्त्यावर ठेवलेले काचेचे कपाट असते. या मे महिन्यात आम्ही सांगलीहून पन्हाळा, गणपतीपुळे आणि रत्नागिरी अशी चार दिवसांची सहल केली. आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई. डोंगर, समुद्र, काजू-करवंदे यांचे वर्णन आपण नेहमीच वाचतो. मी आज त्याच रस्त्याने तुम्हांला नेणार आहे, पण जरा वेगळ्या नजरेने. गाडी कुठे लावली, कशी लावली आणि मागे ठेवून जाताना तिच्यात काय ठेवले, या नजरेने.

सांगली सोडली, की तासा-दीड तासात कोल्हापूर येते. अंबाबाईच्या दर्शनाला जाणाऱ्यांच्या गाड्या बिंदू चौकातल्या वाहनतळावर लागतात. तिथे जरा उभे राहून पाहावे. गाडी थांबते, सगळे खाली उतरतात, हातपाय ताणतात, आणि मग एकेक सामान डिकीत जाऊ लागते. पर्स, कॅमेरा, लॅपटॉपची बॅग. "हे आत टाक गं, इथं नको दिसायला!" असे मोठ्याने सांगितलेही जाते. म्हणजे कोणती मौल्यवान वस्तू नेमकी कुठे ठेवली, हे आसपासच्या साऱ्यांना कळते. कुणी पाळतीवर असेल तर त्याला आणखी काय हवे?

म्हणून आमच्या घरी एक नियम आहे. डिकीची लावालाव घरून निघतानाच करायची. वाटेत बदल करायचा झाला तर मुक्कामाच्या आधी चार-पाच किलोमीटरवर, पेट्रोल पंपावर वगैरे थांबून करायचा. वाहनतळावर फक्त उतरायचे, कुलूप लावायचे आणि चालू लागायचे. पैसे, दागिने, मोबाइल आणि महत्त्वाचे कागद एका खांद्याच्या पिशवीत, आणि ती पिशवी कायम माणसाबरोबर. सासूबाई तिला 'जिवाची पिशवी' म्हणतात. डिकीसुद्धा तिजोरी नव्हे, हे लक्षात ठेवावे. पुष्कळ गाड्यांत मागची सीट पाडली, की डिकी उघडीच पडते.

आणखी एक गोष्ट. रिमोटचे बटण दाबले, दिवे लुकलुकले, की आपण पाठ फिरवतो. पण मधे एखादा दरवाजा नीट लागलेला नसतो, मुलाने मागची काच चार बोटे उघडी ठेवलेली असते, आणि रिमोटचा संदेश गाडीपर्यंत पोचू न देणारी यंत्रे वापरणारे चोरही असतात. तेव्हा बटण दाबल्यावर दरवाजाची मूठ हाताने ओढून पाहावी. घराचे कुलूप आपण ओढून पाहतोच ना? माझ्या धाकट्या मुलाकडे हे काम आहे. चारी मुठी ओढून तो "पक्कं!" असे ओरडतो, तेव्हाच आम्ही निघतो.

कोल्हापूरपासून पन्हाळा वीसेक किलोमीटर. गाडी थेट गडावर जाते, कारण गडातच गाव वसलेले आहे. 2025 च्या जुलै महिन्यात युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत पन्हाळा आहे. 1660 साली सिद्दी जौहरचा वेढा याच गडाला पडला होता, आणि भर पावसाळ्यात महाराज त्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, ही गोष्ट मुलांना शाळेत शिकवताना मला दरवर्षी नव्याने आनंद होतो. पण या वेळी माझे मन रमले ते अंधारबावेत. बाहेरून पाहिले तर साधी दगडी इमारत वाटते. आत शिरल्यावर खाली विहीर आहे, मधे पहारेकऱ्यांची जागा आहे आणि तटाबाहेर जायची वाटही आहे. वेढ्यात पाण्याइतके मोलाचे काय? म्हणून तेच नजरेआड ठेवलेले. धान्य साठवायची अंबरखान्याची कोठारेही अशीच, जाड भिंतींची आणि अंधारी. सासूबाई म्हणाल्या, "जुनी माणसं शहाणी. किमतीची वस्तू मिरवायची नाही, मुरवायची!"

मोटारीलाही हेच लागू आहे. काच फोडणारा चोर बहुधा मोटारीच्या मोहाने येत नाही, त्याला आतली पिशवी दिसलेली असते. पिशवीत जुने टॉवेलच असतील, पण त्याला ते कुठे ठाऊक? म्हणून सीटवर रिकामी पिशवीसुद्धा ठेवू नये. मोबाइलची वायर लोंबत असली, तर मोबाइल आत असेल असे वाटते. काचेला चिकटवलेला मोबाइलचा स्टँड, डॅशबोर्डवरची चिल्लर, टोपीखाली लपवलेले पाकीट, ही सगळी निमंत्रणेच. काही जण उतरताना समोरचा कप्पा मुद्दाम उघडा ठेवतात, आत काही नाही हे दिसावे म्हणून. आम्हीही तसे करतो. काळी फिल्म लावून आडोसा करावा म्हणाल, तर तो मार्ग नाही. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मना मनाई केली आणि काचेतून ठरावीक उजेड आरपार गेलाच पाहिजे, असा नियम आहे. शिवाय काळ्या काचेआड चोर काम करत असला, तरी तो बाहेरून दिसणार नाही!

पन्हाळ्याहून परत रत्नागिरीच्या रस्त्याला लागलो. मलकापूर, आंबा, आणि मग घाट. मे महिन्यात घाटमाथ्यावर वारा गार असतो आणि वळणावळणावर लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. घाटात माकडे भेटतात. उघड्या काचेतून केळ्यांचा घड पळवताना त्यांना मी पाहिले आहे. त्यांच्याकडून एक धडा घ्यावा. सगळ्यांच्या नजरा एकीकडे गेल्या, की दुसरीकडून हात येतो.

माणसातले चोरही हेच करतात. शहरातल्या सिग्नलपाशी वा बँकेबाहेर कुणी काचेवर टकटक करतो. "साहेब, तेल गळतंय," "ताई, तुमच्या नोटा पडल्या," "चाकात हवा नाही." आपण उतरून वाकतो, तेवढ्यात पलीकडच्या दरवाजातून पिशवी जाते. असे कुणी सांगितले तर आभार मानावेत, काच खाली करू नये, आणि गाडी पुढे गर्दीच्या जागी, दुकानासमोर नेऊन पाहावे. चाक बदलायची वेळ आलीच, तर एकाने काम करावे, दुसऱ्याने 'जिवाची पिशवी' घेऊन उभे राहावे, आणि गाडीचे बाकीचे दरवाजे बंद असावेत. ह्यांनी चाक बदलायला घेतले, की मी मदत करत नाही. मी पहारा करते, आणि तीही मदतच आहे.

घाट उतरल्यावर साखरपा, पाली, हातखंबा करत निवळीला आलो आणि तिथून आत वळून चाफे गावावरून गणपतीपुळ्याला पोचलो. समुद्राच्या काठाशीच देऊळ. मागची टेकडी म्हणजेच देव, म्हणून प्रदक्षिणा घालायची तर त्या सबंध टेकडीला घालावी लागते. साधारण एक किलोमीटरची ती वाट सकाळच्या उन्हाआधी चालावी, अगदी प्रसन्न वाटते.

इथे प्रश्न पडतो तो किल्लीचा. समुद्रात शिरायचे तर गाडीची किल्ली कुठे ठेवणार? काही जण ती टॉवेलात गुंडाळून वाळूवर ठेवतात, काही जण चाकावर, बंपरच्या आत. या जागा आपल्याला गुप्त वाटतात, पण चोरांना त्या पाठ असतात. खिशात घेऊन पाण्यात जावे तर खाऱ्या पाण्याने रिमोट बिघडतो. सगळ्यांत चांगला उपाय जुनाच आहे. एकाने काठावर बसावे. आमच्याकडे सासूबाई बसतात. त्यांच्या कनवटीला किल्ली असली, की ती कुणाच्या बापाला मिळत नाही. दोघेच गेला असाल तर आळीपाळीने भिजावे, किंवा उतरलात तिथे खोलीत किल्ली ठेवून चालत यावे.

उतरण्याच्या जागी 'वाहने मालकाच्या जबाबदारीवर' असा फलक असतोच. तो वाचून आपल्याला वाटते, की आता आपला काही हक्क उरला नाही. पण एक निकाल माहीत असू द्या. दिल्लीच्या एका पंचतारांकित हॉटेलात 1998 साली पाहुण्याने किल्ली हॉटेलच्या माणसाकडे दिली आणि ती मोटार चोरीला गेली. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2019 च्या नोव्हेंबरात न्यायालयाने सांगितले, की हॉटेलने गाडी आपल्या ताब्यात घेतली असेल, तर स्वतःच्या हयगयीची जबाबदारी नुसत्या फलकाने किंवा पावतीवरच्या ओळीने झटकता येत नाही. तेव्हा किल्ली कुणाच्या हातात दिली तर पावती जरूर घ्यावी आणि गाडीत नव्हे, जवळ ठेवावी. मात्र आपणच गाडी लावून किल्ली खिशात घातली, तर ही गोष्ट वेगळी होते. आणि किल्ली देताना घराच्या किल्ल्यांचा जुडगा वेगळा काढून ठेवावा.

गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला समुद्राकाठचा रस्ता आहे, आरे-वारे गावांवरून जाणारा. साधारण पंचवीस किलोमीटर. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली पांढरी वाळू आणि निळे पाणी. इतका सुंदर रस्ता मी दुसरा पाहिला नाही. या किनाऱ्यावर अशा पुष्कळ जागा आहेत, जिथे गाडी कडेला लावून सगळे जण समुद्राकडे तोंड करून उभे राहतात आणि पाठ गाडीकडे असते. अशाच एका जागी आम्ही थांबलो होतो. जागेचे नाव घेत नाही, कारण एका चोरीवरून गावाला नाव ठेवू नये.

वळणापलीकडून रडण्याचा आवाज आला. देशावरचेच एक कुटुंब होते. आई, वडील आणि विशीतली मुलगी. जेमतेम पंधरा मिनिटे ती माणसे खाली वाळूत उतरली होती. परत येऊन पाहतात तो मागच्या दाराची काच फुटलेली, सीटवर काचेचे बारीक चौकोनी खडे, आणि पिशवी नाही. पिशवीत पैसे होते, मोबाइल होता, पण मुलगी रडत होती ती वेगळ्याच गोष्टीसाठी. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीत तिच्या नोकरीसाठी कागदपत्रांची तपासणी होती, आणि सगळ्या मूळ गुणपत्रिका, दाखले, प्रमाणपत्रे त्याच पिशवीत होती. तिची आई दगडावर बसून म्हणत होती, "पैशाचं जाऊ दे हो. पोरीची पाच वर्षं त्या फायलीत होती."

रस्त्याकडेला कोकम सरबत विकणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी आपला गाडा सोडला आणि करवंदे विकणाऱ्या दोन मुलांना हाक मारली. "चोराला कागद काय करायचेत? पैसे काढून पिशवी टाकली असेल पुढं. झाळीत बघा रे!" मुले काट्यांत शिरली. आम्हीही सगळे शोधू लागलो. आणि खरेच, पुढच्या वळणावर करवंदीच्या जाळीत ती पिशवी अडकलेली सापडली. पैसे आणि मोबाइल गेले होते. फाइल मात्र होती. त्या मुलीने रस्त्यातच बसून एकेक कागद मोजला. शेवटचा हाती लागला तेव्हा ती बोलू शकत नव्हती, नुसती त्या पोरांच्या काट्यांनी ओरखडलेल्या हातांकडे बघत होती.

सरबतवाल्या बाई त्या आईला म्हणाल्या, "गाडी माझ्या गाड्यासमोर लावायची. वळणापलीकडं ठेवलीत तर मी तरी कशी बघणार?" मला हे वाक्य फार मोलाचे वाटले. आपण गाडीला कुलूप, भोंगा, काय काय लावतो, पण सगळ्यांत चांगली राखण माणसाच्या डोळ्यांची असते. निवांत सावली शोधून एकट्या झाडाखाली गाडी लावण्यापेक्षा चहाच्या टपरीसमोर उन्हात लावलेली बरी. उतरल्यावर टपरीवाल्याशी दोन शब्द बोलावेत, पाच माणसांचा चहा किंवा सरबत घ्यावे. "जरा लक्ष असू द्या, मामा," म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. उन्हाने सीट तापते हे खरे, पण ती दहा मिनिटांत निवते. गेलेली पिशवी येत नाही.

त्या कुटुंबाबरोबर आम्ही थोडा वेळ थांबलो. आणखी काही हलवण्याआधी ह्यांनी फुटलेल्या काचेचे आणि गाडीच्या नंबराचे फोटो काढले. मुलीने माझ्या फोनवरून 112 वर कळवले आणि मोबाइलचे सिम बंद करवले. तिच्या वडिलांनी बँकेला फोन केला. मोबाइलवरून पैशांचे व्यवहार होतात, तेव्हा हे काम तक्रारीइतकेच तातडीचे. तक्रार केल्यावर, हरवलेला मोबाइल सरकारच्या 'संचार साथी' सेवेतून कुठल्याही सिमला निरुपयोगी करून टाकता येतो, हेही लक्षात ठेवा.

"तक्रार करून काय होणार? आणि आपल्या गावी जाऊन करू," असे पुष्कळ जण म्हणतात. पण तक्रारीशिवाय ना विमा, ना कागदांच्या नव्या प्रती. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. दखलपात्र गुन्ह्याची खबर आता कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, गुन्हा त्यांच्या हद्दीत घडलेला नसला तरी. नोंदीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळाली पाहिजे. प्रवासी वाहनातून वस्तू चोरणे हा भारतीय न्याय संहितेच्या 305 व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

विम्याबद्दलही एक गैरसमज असतो. नुसता 'थर्ड पार्टी' विमा असेल, तर गाडी चोरीला गेली तरी काही मिळत नाही. पूर्ण विम्यात गाडीची चोरी धरलेली असते, पण आत ठेवलेले आपले सामान सहसा धरलेले नसते. त्यासाठी वेगळा हप्ता भरून जोड घ्यावी लागते. आणि गाडी गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. म्हणून दुसरी किल्ली घरी कुठे आहे ते आजच पाहून ठेवा, आणि ती गाडीच्या कप्प्यात तर मुळीच नको! गाडीचे कागद डिजिलॉकरमध्ये ठेवले तर पोलिसांना तिथे दाखवता येतात. मूळ कागदांसह घरचा पत्ताही चोराच्या हाती जायला नको.

रत्नागिरीत मुलांना थिबा राजवाडा दाखवला. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. इंग्रजांनी 1885 साली त्याचे राज्य घेतले आणि त्याला इकडे आणून ठेवले. 1910 साली हा वाडा बांधून झाला आणि 1916 साली राजा इथेच वारला. त्याच्याजवळ एक प्रख्यात माणिक होते. मंडालेहून निघतानाच्या गडबडीत ते एका इंग्रज कर्नलाने जपून ठेवतो म्हणून घेतले आणि परत दिले नाही, असे राजाचे म्हणणे होते. ते माणिक पुढे सापडले नाही. राजाची ही कथा, मग आपली काय? सामान चढवण्याची आणि उतरवण्याची वेळ हीच खरी जोखमीची. हॉटेलच्या दारात डिकी उघडी टाकून सगळेच्या सगळे आत नाव नोंदवायला जातात, तेव्हा मला थिबा राजा आठवेल.

घरी पोचल्यावर दमलेल्या अंगाने "उरलेलं सकाळी काढू" म्हणू नये. एकच फेरी जास्त होते. रात्री गाडी उजेडात, शक्यतो कुणाच्या खिडकीसमोर लावावी. स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडा किंवा गिअरचे कुलूप जुन्या गाडीलाही लावता येते. चोराचा वेळ जावा आणि त्याने दुसरीकडे बघावे, एवढेच त्याचे काम. गाडीत लपवून ठेवायचे, ती कुठे आहे ते सांगणारे छोटे यंत्रही मिळते. बिनकिल्लीची, बटणावर चालू होणारी गाडी असेल तर रिमोट दाराजवळच्या खुंटीला टांगू नका. त्याचा संदेश भिंतीबाहेरून पकडून गाडी पळवण्याची युक्ती चोरांना येते. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात तो ठेवा. डबा उपयोगाचा आहे की नाही, हे बघणे सोपे आहे. रिमोट डब्यात घालून डबा हातात धरा आणि गाडीजवळ उभ्या राहा. दार उघडले तर डबा बदला.

सुट्टीत तुम्हीही निघाल, तेव्हा मनात भीती बाळगून निघू नका. भीतीने ना समुद्र दिसत, ना देव. सामान आधी लावा, जिवाची पिशवी खांद्याला घ्या, दाराच्या मुठी ओढून पाहा आणि टपरीवरच्या माणसाशी दोन शब्द बोला. मग गाडीकडे पाठ करून मनसोक्त समुद्र बघा.